अभ्यास आणि परीक्षा

आमच्या अध्यापनाच्या दीर्घ काळांत एका प्रकारचा विद्यार्थी आम्हांस दर वर्षी भेटत असे. परीक्षा तीन महिन्यांवर आली कीं तो जुन्या प्रश्नपत्रिका जमवी, दर रविवारीं घड्याळ समोर ठेवून एक संपूर्ण पत्रिका सोडवी, आणि आपणांस किती गुण पडले तें मोजी. ज्या प्रकरणांत त्याचें अडत असे तें प्रकरण उघडून वाचण्यास मात्र त्यास सवड होत नसे. गुण वाढले नाहींत कीं तो आणखी पत्रिका सोडवी, आणि प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशीं थकलेल्या मेंदूनें व धास्तावलेल्या मनानें वर्गांत येऊन बसे. अभ्यास करणें आणि परीक्षा देणें या दोन भिन्न क्रिया आहेत, ही साधी गोष्ट त्यास उमगलेली नसे.

हाच विद्यार्थी दोन वर्षांपूर्वीं आम्हांस पुन्हा भेटला. या वेळीं तो शाळेंत नसून व्यायामशाळेंत होता, आणि आमच्याच वडील बंधूंचा नातू होता. त्यानें पॉवरलिफ्टिंगच्या एका स्पर्धेंत प्रथमच नांव घातलें होतें.

हा शब्द आतां पुष्कळ घरांत ऐकूं येतो. तथापि ज्या वाचकांस तो नवा आहे त्यांच्याकरितां थोडा खुलासा करतों. ऑलिंपिक सामन्यांत वजन एका किंवा दोन टप्प्यांत डोक्यावर नेतात, तो खेळ निराळा. पॉवरलिफ्टिंगमध्यें तीन प्रकार असतात. पहिला स्क्वॉट, म्हणजे लोखंडी बार मानेच्या मागें खांद्यांवर घेऊन बैठक मारणें व उठणें. दुसरा बेंचप्रेस, यांत बाकावर उताणें निजून बार छातीपर्यंत आणावयाचा व हात सरळ होईपर्यंत वर लोटावयाचा. तिसरा डेडलिफ्ट, जमिनीवरील बार दोन्ही हातांनीं धरून ताठ उभें राहावयाचें. प्रत्येक प्रकारांत तीन संधि मिळतात, आणि प्रत्येकांतील सर्वांत मोठ्या यशस्वी वजनाची बेरीज करून क्रमांक लावतात. शरीराच्या वजनाप्रमाणें, वयाप्रमाणें, आणि स्त्रीपुरुष असे निरनिराळे गट असतात. १९७२ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणें १४ व्या वर्षापासून यांत उतरतां येतें, आणि चाळिशी उलटलेल्यांस स्वतंत्र गट आहेत. सत्तरी गांठलेल्यांससुद्धां आहे.

आमच्या या नातवानें तयारी कशी केली? दर रविवारीं तो आपल्या शक्तीची कमाल पाही. पहिले तीन रविवार आंकडा वाढला, चौथ्यास अडला. आपला जोर कमी पडतो अशी समजूत करून घेऊन पुढच्या रविवारीं त्यानें वजन आणखी चढविलें. स्पर्धेस तीन आठवडे उरले असतां डेडलिफ्ट करतांना त्याची कंबर धरली, आणि चार दिवस त्यास अंथरुणावरून उठण्यास दुसऱ्याचा हात लागला. डॉक्टरांनीं दीड महिना वजनास हात लावूं दिला नाहीं. स्पर्धेचा दिवस त्यानें खोलीचें दार लावून काढला.

तेव्हांपासून घरांत या खेळाचें नांव निघत नसे. म्हणून गेल्या वर्षीं आमच्या नातीनें, जी त्याच व्यायामशाळेंत दीड वर्ष नियमानें जात होती, जेवतांना “मला यंदा स्पर्धेंत नांव द्यायचें आहे” असें म्हणतांच पंगत एकदम शांत झाली. सूनबाई म्हणाल्या, “एक पाठ दुखावून झाली; आतां दुसरी कशाला?” नातीनें उत्तर दिलें, “दादाची पाठ वजनानें दुखावली कीं रविवारांनीं, तें आधीं ठरवा.” प्रश्न मार्मिक होता. निवाडा आमच्याकडे आला.

निवाडा देण्यापूर्वीं आम्ही या विषयावर जें मिळेल तें वाचलें. सुश्रुतानें व्यायामाचें प्रमाण आपल्या बळाच्या निम्मे सांगितलें आहे, आणि त्याची खूण म्हणून तोंडानें चालूं लागलेला श्वास दिला आहे. स्पर्धेंत उतरणारास निम्मे बळ पुरणार नाहीं हें उघड आहे. परंतु हातचें राखून व्यायाम करावा हें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे. ग्रीक लोकांत मायलो नांवाच्या मल्लाची कथा प्रसिद्ध आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्रोटोन या ग्रीक वसाहतींत तो होऊन गेला. तो एक वासरूं रोज उचलून नेई. वासराचा बैल झाला तसें मायलोचें बळही वाढलें, अशी ती कथा. भार हळूहळू वाढवावा, हा तिचा बोध खरा आहे. पण बैल कांहीं वर्षांनीं वाढावयाचा थांबतो, आणि माणूस त्याच्याही आधीं थांबतो. तेव्हां रोज थोडें अधिक हा नियम जन्मभर चालत नाहीं. त्यास विसांव्याची जोड द्यावी लागते.

ही जोड कां द्यावी लागते, याचें उत्तर विसाव्या शतकांतील शास्त्रज्ञांनीं दिलें. शरीरावर ताण पडला असतां तें प्रथम हादरतें, मग प्रतिकार करतें, आणि ताण सुटलाच नाहीं तर शेवटीं खचतें, असें हान्स सेली यांनीं १९३६ सालीं मांडलें. टॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं जखमी सैनिकांचे स्नायु क्रमाक्रमानें वाढणाऱ्या वजनांनीं पूर्ववत् केले, व १९४५ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. पुढें १९६० नंतरच्या दशकांत सोव्हिएत रशियांतील मात्वेयेव यांनीं खेळाडूचें वर्ष निरनिराळ्या कालखंडांत विभागण्याची व्यवस्था लावून दिली. या सर्वांचें सार एका वाक्यांत येतें. व्यायाम करीत असतां शरीर बळकट होत नाहीं. त्या वेळीं तें थकतें, आणि नंतरच्या अन्नानें व निद्रेनें पूर्वीपेक्षां किंचित् वर येतें. जो दर रविवारीं कमाल पाहतो तो थकव्याची भर घालतो, आणि भरून येण्यास अवधि ठेवीत नाहीं. तात्पर्य, नातीचें म्हणणें बरोबर होतें. दोष रविवारांचा होता.

आम्हीं परवानगी दिली, पण एका अटीवर: स्पर्धेच्या दिवसापर्यंत कमाल पाहावयाची नाहीं. तिचे तोंवरचे उत्तम आंकडे स्क्वॉट ८० किलो, बेंचप्रेस ४२.५ आणि डेडलिफ्ट १०० असे होते, बेरीज २२२.५. एवढे आंकडे वहींत पहिल्या पानावर लिहून तें पान बंद केलें. आंखणी करण्यास व्यायामशाळेच्या प्रशिक्षकांच्या जोडीला कोण बसला, तर ज्याची कंबर धरली होती तोच तिचा दादा. चुकलेला विद्यार्थी पुष्कळदां चांगला शिक्षक होतो, हा आमचा जुना अनुभव आहे.

आंखणी करतांना पहिला नियम असा कीं, मोजणी स्पर्धेच्या तारखेपासून मागें करावी. आजपासून पुढें मोजूं लागलें म्हणजे शेवटचे आठवडे कोंबले जातात. बारा आठवडे हातांत होते. त्यांचे तीन भाग केले, आणि आठवड्यांत व्यायामाचे दिवस तीनच ठेवले. स्क्वॉट व बेंचप्रेस आठवड्यांतून दोनदां, आणि डेडलिफ्ट एकदां, कारण कमरेस तो सर्वांत जड जातो.

पहिले चार आठवडे पायाभरणीचे. वजन कमालीच्या शेंकडा ६५ ते ७२. म्हणजे स्क्वॉटमध्यें ५२.५ ते ५७.५ किलो. एका दमांत सहा ते आठ वेळां, आणि अशीं चार आवर्तनें. यांत वजनापेक्षां वळणास महत्त्व असतें. पाऊल कोठें, श्वास केव्हां, पाठ कशी, हें शेंकडों वेळां सारखें घडावें लागतें. जसें रूपावली पाठ करतांना प्रथम उच्चार शुद्ध करून घेतात आणि वेग मागाहून येतो. चौथ्या आठवड्यांत आवर्तनें निम्मीं करून विसांवा दिला.

पांचव्या ते आठव्या आठवड्यांत वजन शेंकडा ७५ ते ८२ वर नेलें; म्हणजे ६० ते ६५ किलो, चार ते पांच वेळां, चार किंवा पांच आवर्तनें. हा भाग सर्वांत कष्टाचा. यांतही नियम असा कीं, प्रत्येक आवर्तन संपलें तेव्हां “आणखी दोनदां झालें असतें” असें म्हणतां आलें पाहिजे. आठवा आठवडा पुन्हा हलका.

नवव्या ते अकराव्या आठवड्यांत वजन शेंकडा ८५ ते ९२, म्हणजे ६७.५ ते ७२.५ किलो. मात्र उचलणें एका दमांत दोन-तीन वेळां, क्वचित् एकदांच. वजन वाढत जातें तशी संख्या घटत जाते. शेवटचें जड डेडलिफ्ट स्पर्धेच्या बारा दिवस आधीं, जड स्क्वॉट नऊ दिवस आधीं, आणि जड बेंचप्रेस सहा दिवस आधीं झालें. बाराव्या आठवड्यांत दोनच दिवस, हलक्या वजनानें, अंग मोकळें ठेवण्यापुरता व्यायाम. त्या आठवड्यांत कितीही श्रम केले तरी बळ वाढण्यास अवधि नसतो. थकवा मात्र हमखास वाढतो.

आतां कोणी म्हणेल कीं, ताप आला, कॉलेजची परीक्षा आली, झोप झाली नाहीं, तर काय करावें? त्या दिवशीं वजन शेंकडा पांचानें उतरवावें, किंवा दिवस सोडून द्यावा. पण बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशीं दुप्पट करून भरून काढूं नये. मासिक धर्माच्या दिवसांतही हाच विवेक पुरतो. व्यायाम बंद करण्याचें कारण नाहीं. शरीर जड वाटलें तर वजन हलकें करावें. ज्यांस रक्तदाबाचा विकार आहे, किंवा पाठीची जुनी तक्रार आहे, त्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून यांत पडूं नये. कारण जड वजन उचलतांना श्वास कोंडला जातो व दाब एकाएकीं चढतो.

आहाराविषयीं घरांत पुष्कळ चर्चा झाली. बळ वाढविणारास शरीराच्या दर किलोमागें रोज सुमारें १.६ ग्रॅम प्रथिनें पुरतात, असें आजचें शास्त्र सांगतें. नातीचें वजन ५८ किलो. म्हणजे सुमारें ९३ ग्रॅम. शाकाहारी घरांत हें अशक्य नाहीं, पण आपोआपही होत नाहीं. शंभर ग्रॅम कोरड्या डाळींत सुमारें २२ ते २४ ग्रॅम, तितक्याच शेंगदाण्यांत २५, पनीरमध्यें १८ च्या आसपास, आणि पाव लिटर दुधांत ८ ग्रॅम प्रथिनें असतात. आमच्याकडे वरण पातळ करण्याची चाल होती. ती मोडली, आणि सर्वांनाच घट्ट वरण आवडूं लागलें. डबाबंद भुकट्यांच्या मागें लागूं नये. स्पर्धेंत उत्तेजक द्रव्यांची तपासणी होऊं शकते, आणि भुकटींत काय मिसळलें होतें हें ठाऊक नव्हतें ही सबब चालत नाहीं.

वजनाच्या गटाचा प्रश्नही निघाला. दीड किलो उतरविलें तर खालच्या गटांत जातां येईल, असें मैत्रिणींनीं नातीस सुचविलें होतें. उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरविण्याची ही युक्ति पहिल्या स्पर्धेस मुळींच करूं नये. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें वजन घेण्यास सुरुवात स्पर्धेच्या अवघे दोन तास आधीं होते. सुकलेलें शरीर तेवढ्या वेळांत पूर्ववत् होत नाहीं. ज्या वजनाची असाल त्याच गटांत उभें राहावें.

दहाव्या आठवड्यांतील एक प्रसंग येथें सांगणें अवश्य आहे. त्या दिवशीं ७२.५ किलो तिनें दोनदां असे सहज उचलले कीं, तिलाच आश्चर्य वाटलें. “दादा, आज ८० नक्की होतील, एकदांच पाहूं दे,” असें म्हणून ती बारवर चकत्या चढवूं लागली. आम्ही कोपऱ्यांतील बाकावर बसलों होतों. दादानें कांहीं न बोलतां त्या चकत्या उतरवून जागेवर ठेवल्या, आणि मग म्हणाला, “होतील, हें मलाही दिसतंय. पण ते त्या दिवसाचे आहेत. आज खर्चूं नकोस.” नात रागावली. घरीं येईपर्यंत ती त्याच्याशीं बोलली नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्यास असें सांगणारें कोणी जवळ नव्हतें, आणि आम्हीही त्या वेळीं नुसते आंकडे ऐकून शाबासकी देत होतों, हें त्या संध्याकाळीं आमच्या मनास लागून राहिलें. मुलांच्या आंकड्यांचें कौतुक करणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांचाही त्या रविवारांत थोडा वांटा होता.

स्पर्धेचे नियम आधीं वाचणें हा तयारीचाच भाग आहे. या खेळाच्या संघटना एकाहून अधिक आहेत व त्यांचे नियम थोडेफार भिन्न असतात. म्हणून ज्या संघटनेची स्पर्धा तिचेंच पुस्तक पाहावें. तीन पंच बसतात. पांढरा दिवा म्हणजे मान्य, लाल म्हणजे अमान्य. दोन पांढरे हवेत. स्क्वॉटमध्यें खुब्याजवळील मांडीचा पृष्ठभाग गुडघ्याच्या माथ्याहून खालीं गेला पाहिजे. बेंचप्रेसमध्यें बार छातीवर स्थिर झाल्यावर पंच ‘प्रेस’ म्हणतात तेव्हांच लोटावयाचा, आणि ‘रॅक’ म्हटल्यावरच जागेवर ठेवावयाचा. डेडलिफ्टमध्यें ‘डाउन’ ऐकूं येईपर्यंत उभें राहावयाचें. एकदां मागितलेलें वजन पुढें कमी करतां येत नाहीं. आणि एखाद्या प्रकारांतील तिन्ही संधि फुकट गेल्या तर बेरीजच धरीत नाहींत. यासाठीं पहिलें वजन असें मागावें कीं, जें व्यायामशाळेंत कोणत्याही दिवशीं तीन वेळां उचलतां येईल. दुसरें कमालीच्या किंचित् खालीं, आणि तिसरें त्या दिवसाची प्रकृति पाहून. शेवटच्या तीन आठवड्यांत दादा पंच होऊन हे हुकूम मोठ्यानें देत असे.

स्पर्धेच्या दिवशीं आम्ही, सूनबाई व आमच्या कुटुंबांतील आणखी चौघें सभागृहांत हजर होतों. स्क्वॉटमध्यें ७२.५ व ७७.५ मान्य झाले. तिसऱ्या वेळीं ८२.५ घेऊन ती उठली खरी, पण बैठक पुरती खोल गेली नव्हती. दोन लाल दिवे लागले. बेंचप्रेसच्या पहिल्याच वेळीं, ३७.५ किलो हात सरळ करून झाल्यावर, ‘रॅक’ म्हणण्याआधींच तिनें बार ठेवून दिला. इतके दिवस घोकलेला नियम ऐन वेळीं निसटला! दादानें तिला पाणी दिलें आणि तेंच वजन पुन्हा मागितलें. तें मान्य झालें, आणि मग ४२.५ ही झाले. डेडलिफ्टमध्यें ९०, ९७.५ आणि शेवटीं १०५. तिन्ही वेळां तीन पांढरे दिवे. नऊपैकीं सात संधि यशस्वी, बेरीज २२५ किलो. म्हणजे पूर्वीच्या बेरजेहून अडीच किलो अधिक. क्रमांक चवथा आला.

अडीच किलोंसाठीं बारा आठवडे, असें कोणास वाटेल. पण पूर्वीची बेरीज तिनें निरनिराळ्या दिवशीं, आपल्या सोयीनें, पंच नसतांना केलेली होती. ही एका दिवसांत, परक्या ठिकाणीं, नियमांच्या चौकटींत झाली. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती नेहमीप्रमाणें उठून कॉलेजास गेली. सूनबाईंनीं क्रमांक विचारला नाहीं. त्यांनीं तिच्या पाठीवरून हात फिरविला, आणि “दुखत नाहीं ना?” एवढेंच विचारलें.

ज्या घरांत एखादें मूल अशा स्पर्धेची तयारी करीत असेल, तेथील वडिलांस आमची विनंती एवढीच कीं, “आज किती उचललेंस?” असें रोज विचारूं नये. “आज वहींत लिहिलें होतें तेवढेंच केलेंस ना?” असें विचारावें. या दुसऱ्या प्रश्नास होकार मिळणें अधिक कठीण असतें, आणि अधिक मोलाचेंही.

गेल्या आठवड्यांत आमच्या बंधूंच्या नातवानें नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर पुढील स्पर्धेची तारीख असून, तिच्यापासून मागें मोजून बारा ओळी आंखल्या आहेत. पहिल्या ओळींतील वजन आम्हीं चष्मा लावून मुद्दाम पाहिलें. तें हलकें आहे.